यवन इरिलच्या दोन पोढी

जुन्नरला गेलेला माणूस सहसा शिवनेरी पाहतो, लेण्याद्रीला जातो आणि परततो. डोंगर चढताना दम लागला की वाटेच्या कडेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. लोक तिथे फोटो काढतात, पाण्यात नाणे टाकतात, कुणी रिकामी बाटलीही टाकतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही ही टाकी लेण्यांचा किरकोळ भाग वाटली होती. लेणी पाहायची, टाकी ओलांडायची. पुढे पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख वाचताना एक छोटीशी नोंद समोर आली आणि तो डोंगर माझ्यासाठी बदलला.

नोंद इतकीच आहे की इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. इरिलच्या नावापुढे ‘गत’ असा शब्द येतो. तो त्याचा प्रदेश की कुळ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. यवन मात्र स्पष्ट आहे. समुद्रापलीकडून किंवा वायव्येकडून आलेला ग्रीक वंशाचा माणूस. बहुधा व्यापारी. कल्याण आणि सोपारा बंदरात माल उतरायचा, नाणेघाट चढून वर यायचा, जुन्नरच्या बाजारात थांबायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. त्या वाटेवर हा माणूस स्थिरावला. त्याने मूर्ती दिली नाही, सोने दिले नाही. पाणी साठवायला दोन टाकी दिली आणि दगडावर आपले नाव कोरून ठेवले.

तो एकटाच नव्हता. जुन्नरमध्येच चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमीन दिल्याचा लेख आहे. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने एक पोढी आणि एक मंडप दिल्याचे कोरले आहे. त्यावर वर्ष आहे ४६. हे शक वर्ष मानले तर इ.स. १२४ येते. वत्स गोत्राचा अमात्य, त्याचा राजा शक, आणि दान बौद्ध भिक्षूंना. आज ज्याला आपण ‘आपले’ आणि ‘परके’ म्हणून दोन खणांत भरतो ते सगळे या एका लेखात एकत्र बसलेले आहेत. पाण्याच्या टाक्याजवळ.

कातळ पाणी धरत नाही

पाणीच का, याचे उत्तर भूगोलात आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पाठीला लागून आहेत. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरच्या माथ्यावर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला तीस-चाळीस किलोमीटर आले की त्याचा लहानसा हिस्साच हाती लागतो. आणि जिथे कोसळतो तिथेही तो थांबत नाही. खाली काळा बेसाल्ट. या दगडाच्या फटीत आणि थरांच्या सांध्यात जेवढे मुरेल तेवढेच. बाकीचे पाणी चार महिन्यांत धडधडत निघून जाते. फाल्गुन-चैत्रात त्याच माथ्यावरच्या बाया हंडे घेऊन झरा शोधत उतरतात.

लेणी खोदणाऱ्यांना हे पक्के माहीत होते. कड्यावरून ओघळणारे पाणी लेण्याच्या दर्शनी भागावर येऊ नये म्हणून वर चर खोदायचा. त्या चराने पाणी बाजूला वळवायचे आणि खालच्या टाक्यात सोडायचे. टाक्याचे तोंड लहान, पोट मोठे. ऊन कमी लागते, पाणी कमी उडते, घाण कमी पडते. जिथे कातळ निघाला तिथेच पाणी साठले. काढलेला दगडही वाया गेला नसेल. नाणेघाटात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख ज्या लेण्यात आहे त्याच्या आसपासही अशी टाकी आहेत. तिथला जकातीचा दगडी रांजण सगळ्यांना आठवतो. घाट चढून आलेल्या बैलाला आणि हमालाला आधी लागायचे पाणी. जकात नंतर.

चावंड किल्ल्यावर ओळीने सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी तर शाळेच्या सहलीतल्या प्रत्येक मुलाने ओंजळीने चाखलेली असतात.

मुद्दल न मोडता

खोदणे हा अर्धाच भाग. दरवर्षी गाळ बसतो, शेवाळ धरते, चर बुजतो. तो साफ कोण करणार? त्या काळच्या लोकांना हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर लिहून ठेवले आहे. जुन्नरच्या तुलनेत नाशिकच्या लेण्यांत ते जास्त तपशीलवार सापडते. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज भिक्षूंच्या वस्त्रांवर आणि इतर खर्चावर वापरायचे. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. कधीही न संपणारे भांडवल. याच उषवदाताने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठांवर धर्मशाळा आणि पाणपोया बांधल्या. तोही शक. तोही ‘बाहेरचा’.

जुन्नरच्या लेखांतही श्रेणींकडे पैसे ठेवल्याचे उल्लेख आहेत. आणि नाशिकला पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख येतो, त्यात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली आहे. ज्या श्रेणींकडे ती ठेवली त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ आहेत. पाण्याची यंत्रे बनवणारे किंवा चालवणारे. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी या भागात पाण्याच्या कारागिरांची संघटना होती आणि तिची पत इतकी होती की लोक तिच्याकडे पैसे ठेवत.

वाचताना मला वक्फ आठवला. वक्फचे मूळ तत्त्व हेच. मालमत्ता बांधून टाकायची, विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. तिचे उत्पन्न ठरलेल्या कामाला लावायचे. विहीर खोदून दिली तर तिच्यासोबत एक शेतही द्यायचे, म्हणजे त्या शेताच्या उत्पन्नातून दोर, मोट, उपसा चालेल. औरंगाबादच्या पाणचक्कीत हे डोळ्यांनी दिसते. दूरच्या डोंगराजवळून खापरी नळाने पाणी आणले, त्याच्या जोरावर चक्की फिरवली, आणि ते पीठ बाबाशाह मुसाफिर यांच्या खानकाहमधल्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात गेले. अक्षयनीवी आणि वक्फ यांत एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे मला म्हणायचे नाही. दोन वेगळ्या काळात, दोन वेगळ्या धर्मांच्या लोकांना दख्खनच्या त्याच कोरड्या जमिनीवर तेच सुचले, एवढेच.

जुन्नरहून निघालेले

मध्ययुगीन जुन्नरचा इतिहास आपल्याकडे शिवनेरीच्या जन्मकथेपुरता उरला आहे. त्याआधीचे शतक-दीड शतक कुणी फारसे सांगत नाही. बहमनी सल्तनतीच्या अखेरच्या काळात मलिक अहमद जुन्नरचा सुभेदार होता. शिवनेरी त्याने ताब्यात घेतला. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र होऊन निजामशाहीचा पाया घातला तो याच भागातून. मग भिंगारजवळच्या माळावर त्याने नवे शहर वसवले, अहमदनगर. डोंगर आणि बारमाही टाक्यांच्या आडोशाची जागा सोडून उघड्या माळावर राजधानी नेणे म्हणजे पाण्याची चिंता विकत घेणे. निजामशाही अमलात अहमदनगरच्या भोवतालच्या टेकड्यांच्या पायथ्याकडून नहरी काढल्या गेल्या. भाजक्या मातीचे नळ, चुन्याचे सांधे, उतार मोजून घेतलेला. कापूरवाडी, वडगाव, पिंपळगाव अशा गावांकडून पाणी शहरात येई. फराहबागेचा महाल तर तळ्याच्या मधोमध उभा आहे. सलाबतखानाच्या देखरेखीत तो १५८३ मध्ये पूर्ण झाला.

आता मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन सत्तेच्या शिखरावर पोहोचलेला माणूस. अहमदनगर मुघलांच्या हाती पडल्यावर त्याने निजामशाही जिवंत ठेवली आणि १६०७ च्या सुमारास दुसऱ्या मुर्तझा निजामशाहाला घेऊन जुन्नरला राजधानी आणली. काही वर्षे जुन्नर पुन्हा राजधानीचे गाव झाले. पुढे दरबार दौलताबादला गेला, अंबरने खडकी वसवली आणि तिथे नहर-ए-अंबरी बांधली. जमिनीखालचा पाण्याचा थर हेरायचा, उतारावर भूमिगत मार्ग काढायचा, मधे मधे हवा जाण्यासाठी आणि दाब मोडण्यासाठी उंच खांब उभारायचे. कित्येक पिढ्यांनी ते पाणी प्यायले. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले.

अंबरला हे ज्ञान कुठून आले, बगदादच्या बाजूने की इथल्याच कारागिरांकडून, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. खडकीआधी हा माणूस जुन्नरच्या डोंगरात राहिला होता. कातळातून पाणी काढणारी माणसे त्याने रोज पाहिली असणार. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

अंबर १६२६ मध्ये गेला. चार वर्षांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. १६३० ते ३२ चा गुजरात आणि दख्खनमधला दुष्काळ इतिहासातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक मानला जातो. बादशहानामा लिहिणाऱ्या अब्दुल हमीद लाहोरीने त्याचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेली प्रेते पाहिली. पावसाने आधी दगा दिला, मग काही भागांत तो नको तेवढा पडला आणि उरलेसुरले पीक सडले. याच काळात आदिलशाही फौजेने पुणे जाळून उद्ध्वस्त केले होते. महाराजांच्या आयुष्याचा पहिला पावसाळा असा होता. पुढे त्यांच्या राजवटीत गडावर आधी उदक पाहून मग किल्ला बांधावा ही जी दक्षता दिसते, तिच्यामागे हा अनुभव मराठी मुलखाच्या हाडात मुरलेला होता.

शिवनेरीवर शिवकुंजासमोर कमानी मशीद आहे. दोन मिनार आणि त्यांना जोडणारी एक देखणी कमान, फोटोत ती आकाशात तरंगल्यासारखी दिसते. तिच्या खालीच पाण्याचे टाके आहे. वजू करणाऱ्याला पाणी हवे, तहानलेल्या शिबंदीला पाणी हवे. टाके एकच. गडावर पाण्याचे वेगळे वेगळे धर्म ठेवणे कुणालाच परवडणारे नव्हते.

कागदी आणि कुकडी

जुन्नरच्या मुसलमानांचा पाण्याशी आणखी एक संबंध होता, तो आता जवळपास विसरला गेला आहे. जुन्नरी कागद. पेशवे दफ्तरातल्या कागदांची नावे वाचलीत तर दौलताबादीबरोबर जुन्नरी हे नाव सापडते. तो हाताने करणारे कागदी मुसलमान होते. हातकागदाचे काम म्हणजे मुख्यतः पाण्याचे काम. तागाच्या जुन्या गोण्या, दोर, रद्दी भिजवायची, कांडायची, चुना घालून मुरवायची आणि वाहत्या पाण्यात धुवायची. पुन्हा कांडायची, पुन्हा धुवायची. शेवटी हौदात तो लगदा पातळ करून गवती जाळीवर एकेक ताव उचलायचा. भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची, गुळगुळीत दगडाने घोटायचा.

पाणी गढूळ असेल तर कागद मळकट होणार. क्षार जास्त असतील तर डाग पडणार. त्यामुळे कुकडीचे पाणी कसे आहे याची काळजी कागद्याला शेतकऱ्यापेक्षा कमी नव्हती. मराठ्यांच्या राज्याचा हिशेब, तह, तक्रारी, वतनांच्या भांडणांचे महजर, यांतला मोठा भाग या नदीत धुतलेल्या कागदावर लिहिला गेला. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. नदीची नाडी ओळखणारा एक पेशा नाहीसा झाला. नदीला कुणी रोज भेटायला येईनासे झाले की तिचे काय होते ते आज कुठल्याही तालुक्याच्या गावाच्या पुलावर उभे राहून पाहावे.

पाण्याखालचा तालुका

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. मग आंबेगाव कुठे आहे? पाण्याखाली. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते गाव जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात आणि लोक ते पाहायला जातात. सरकारी कागदावर रोज लिहिले जाणारे नाव एका बुडालेल्या गावाचे आहे, हे जगात फार ठिकाणी घडले नसावे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला.

डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. चार जुन्नरमध्ये, एक आंबेगावात. एकट्या डिंभ्याची साठवण साडेतेरा टीएमसीच्या आसपास आहे. इरिलच्या पोढीत किती हंडे मावत असतील? तुलना हास्यास्पद आहे, पण प्रमाण कळण्यासाठी करून पाहावी. हे पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. तिकडचा शेतकरीही दुष्काळातलाच आहे, त्याने ते का घेऊ नये? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडत काढला त्यांच्या नातवंडांना कालव्याचे मोल कुणी शिकवायला नको. धरणे नकोत असे म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही. जुन्नरचा ऊस, टोमॅटो, द्राक्षे, नारायणगावचा बाजार, हे सगळे त्या पाण्यावर उभे आहे. (ऊस इतका झाला की बिबट्यांनी त्यालाच जंगल मानले. पकडलेले बिबटे ठेवण्याचे केंद्र माणिकडोहलाच आहे.)

पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. ज्यांची भातखाचरे आणि गावठाणे बुडाली ते महादेव कोळी आणि कातकरी धरणाच्या वरच्या अंगाला, उतारावर राहिले. पाणी खाली, ते वर. कालवा वर चढत नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या डोंगरांत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. खाली मात्र डिंभे ते माणिकडोह बोगद्यावरून दोन तालुके आणि दोन जिल्हे भांडतात. ज्यांच्या माथ्यावर तो पाऊस पडतो ते त्या भांडणात पक्षकारही नाहीत.

डिंभ्याच्या विस्थापितांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी सोसायटी उभी केली, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पिके घेतली. २०१२ मध्ये या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यांचे आणखी एक काम मला इरिलच्या जवळचे वाटते. पडकई. उतारावर दगडाचे बांध घालून भातखाचर काढायचे. हे एका घराचे काम नाही. म्हणून आज सगळे माझ्या शेतावर, उद्या सगळे तुझ्या. पैसे नाहीत, मजुरी नाही, फेड श्रमाची. ही या डोंगरातली जुनी रीत. बांध पाणी अडवतो, माती धरतो, आणि पुढच्या पावसात कुठला दगड सरकला हे ज्याने तो रचला त्यालाच कळते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे मेली. गाव जागेवर नाही हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. अतिवृष्टी झाली होती हे खरे. पण त्यानंतर उतारांवर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोटे दाखवली गेली, वाद झाला. हातांनी, वर्षावर्षाने, एकेक बांध घालणारी पडकई आणि एका हंगामात जेसीबीने कापलेला डोंगर यांना सरकारी कागदावर एकच नाव असू शकते. डोंगराला तो फरक कळतो.

असे दिवस वाढत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे तोच पाऊस कमी दिवसांत, जास्त जोराने, मधे लांब कोरडे खंड ठेवून. बेसाल्टच्या प्रदेशात याचा अर्थ सरळ आहे. मुरायला वेळ मिळणार नाही. जे वरच्या वर, लहान लहान ठिकाणी अडेल तेच आपले.

रिकामा रकाना

आता नगरपरिषदांकडे येऊ. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पिण्याचे पाणी देणे हे त्यांचे बंधनकारक कर्तव्य आहे. जुन्नर जुनी नगरपरिषद, मंचर अलीकडची नगरपंचायत. नळ आला आणि गावांनी विहिरी, बारवा, हौद सोडून दिले. यात आश्चर्य काय? डोक्यावरचा हंडा उतरला हे लहान सुख नाही, विशेषतः ज्यांना सार्वजनिक विहिरीवर चढूच दिले जात नव्हते त्यांच्यासाठी. जुन्या पाण्याच्या गोडव्यात आपण ती जात विसरतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, फार जुना नाही. नळाने जात विचारली नाही.

पण विहीर सोडली ती कचऱ्यासाठी सोडली. धरणातले पाणी संपले किंवा योजना बिघडली की टँकर. २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात, त्यात जुन्या जलस्रोतांची सफाई आणि पावसाचे पाणी साठवणेही येते. चांगले आहे. काही बारवा त्यामुळे स्वच्छ झाल्या, रंगल्या, दिवे लागले. पुढच्या वर्षी तिथे गाळ कोण काढणार? योजनेत बांधकामाला पैसा असतो, उद्घाटनाला असतो, फलकाला असतो. अक्षयनीवी नसते. उषवदाताने दरमहा शेकडा एक की पाऊण, एवढे दगडावर लिहून ठेवले. आपण पाटीवर मंत्र्यांची नावे लिहितो.

हे बोलायचा हक्क मला आहे का, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. कारण आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत हौज होता. लहानपणी त्याच्या काठावर ओळीने बसून आम्ही वजू करायचो, त्यात मासे होते. वीस-एक वर्षांपूर्वी तो बुजवून वर फरशी घातली आणि भिंतीला नळांची रांग लावली. सोय झाली. गेल्या रमजानच्या आधी मी एकदा नळाखाली बादली ठेवून वजू केला. चेहरा, हात, पाय, सवयीने नळ चालूच. अर्धी बादली भरली. हदीसच्या संग्रहांत नोंद आहे की पैगंबर साहेब एका मुद पाण्यात वजू करत. मुद म्हणजे दोन्ही हातांची एक भरलेली ओंजळ, आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आतबाहेर. पाच वेळा, दोनशे माणसे, प्रत्येकी अर्धी बादली. आणि ते पाणी जाते गटारात. त्याच मशिदीच्या मोठ्या गच्चीवरचा पाऊसही तिथेच जातो.

मी कमिटीच्या बैठकीत विषय काढला. गच्चीचे पाणी पन्हाळीने खाली आणून जुना हौज उघडावा, वजूचे पाणी गाळून झाडांना आणि शौचालयाला वापरावे. विरोध कुणी केला नाही. एका चाचांनी तर सांगितले की हौजाच्या तळाला दगडी मोरी होती, ती त्यांच्या वडिलांनी बांधलेली. चंद्याचा आकडाही तिथल्या तिथे ठरला. मग मी विचारले की दर पावसाळ्याआधी गाळणी कोण धुणार, गच्ची कोण झाडणार, त्यासाठी दरवर्षी किती पैसे बाजूला ठेवायचे. थोडा वेळ कुणी बोलले नाही. खतीबसाहेब म्हणाले, आधी काम तर होऊ द्या, मग बघू.

ठराव मंजूर झाला. रजिस्टरात कामाचे नाव आहे, अंदाजे खर्च आहे, मंजुरीची तारीख आहे. देखभालीची जबाबदारी असा एक रकाना मी आग्रहाने आखून घेतला. पुढची बैठक मृगाच्या आधी आहे. तोवर तो रकाना कोरा आहे.